कोरं पान आणि हापूसची पेटी

एकदा एका आंब्याच्या व्यापाऱ्याला संकेतस्थळ काढण्याची सद्बुद्धी झाली. सद्बुद्धी हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण पहिले काही दिवस ती कोणालाच तशी वाटली नाही, त्याच्या घरच्यांना तर मुळीच नाही. या कथेतल्या कोणाचंही नाव मी सांगणार नाही. दृष्टांतात नावं नसतात हे त्याचं एक कारण. व्यापाऱ्याने हात जोडून तशी विनंती केली आहे हे दुसरं, आणि खरं.

व्यापारी कोकणातला, समुद्राकाठच्या गावचा. पिढ्यानपिढ्या त्याच्या घरचा हापूस मोठ्या शहरातल्या दलालाकडे जात असे आणि दलाल सांगेल तो भाव मान खाली घालून घेतला जात असे. यंदा मोहोर चांगला धरला, तेव्हा व्यापाऱ्याला बळ आलं. त्याने दलालाला फोन लावून छाती ठोकून सांगितलं, "यंदापासून तुमच्याकडे आंबा नाय. आम्ही थेट गिऱ्हाइकाला देणार. इंटरनेटवरून."

दलाल हसला. मोठ्याने हसला असता तर व्यापाऱ्याने ते मनावर घेतलं नसतं. तो अगदी थोडंसं हसला, आणि ते जिव्हारी लागलं. आता मागे फिरण्याची सोय राहिली नव्हती. आंबा थेट विकला गेला तर मान राहणार होता. नाही गेला तर पिकलेला माल रसाच्या कारखान्यात मातीमोल जाणार होता, आणि पुढच्या हंगामात त्याच दलालाच्या दारात उभं राहावं लागणार होतं. आंब्याच्या धंद्यात एक अडचण अशी असते की आंबा कोणाची वाट पाहत नाही.

त्याच गावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. संगणक कपाटाएवढे होते तेव्हापासून त्यांचा संगणकांशी परिचय. आयुष्यभर शहरात त्यांनी लोकांची संकेतस्थळं बांधली, आणि निवृत्त झाल्यावर आपल्या विधवा बहिणीसह गावच्या घरी येऊन राहिले. शिकू इच्छिणारी मुलं त्यांच्या पडवीत येऊन बसत. व्यापारी त्यांच्याकडे गेला. गुरुजी म्हणाले, "शेट, माझे डोळे आता तेवढं काम करत नाहीत. पण माझा एक शिष्य आहे. तो करील."

शिष्य हुशार होता, यात शंका नाही. पण हुशार माणसांना जी बाधा होते तीही त्याला झालेली होती. आपल्याला जे दिसतं तेच साऱ्या जगाला दिसतं, असं त्याला अगदी मनापासून वाटे.

इथे क्षणभर थांबून वाचकांना थोडी माहिती दिली पाहिजे. संगणकवाल्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. संकेतस्थळावरचं पान दोन ठिकाणी तयार होऊ शकतं. पहिलं ठिकाण म्हणजे सर्व्हर, म्हणजे ते संकेतस्थळ जिथे राहतं तो दूरचा संगणक. तो पान पूर्ण मांडून पाठवतो आणि आपल्या फोनने ते नुसतं दाखवायचं असतं. दुसरं ठिकाण म्हणजे आपला फोनच. अशा वेळी सर्व्हर एक कोरं पान पाठवतो, त्याच्यासोबत भलंमोठं सूचनांचं गाठोडं पाठवतो, आणि मग त्या सूचना वाचून, लागेल तो माल मागवून, फोनने पान स्वतः घडवायचं असतं. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. कोणती चांगली, यावरून विद्वान लोक एकमेकांशी बोलेनासे होतात.

शिष्याने दुसरी रीत निवडली, आणि निवडली म्हणजे तिच्यात काही कसूर ठेवली नाही. उद्घाटन व्यापाऱ्याच्या माजघरात झालं. शिष्याने आपला नवाकोरा फोन पुढे धरला. पडद्यावर एक हापूस डावीकडून गडगडत आला, मध्यभागी थांबला, स्वतःभोवती वळला, आपोआप चिरला गेला, आणि त्याच्या फोडींतून भावाच्या पाट्या उमलल्या. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. व्यापाऱ्याच्या आईने फोनला हळद-कुंकू लावलं. व्यापाऱ्याचे डोळे भरून आले.

"आणि सर्व्हरला काडीचंही काम नाही बरं का," शिष्य अभिमानाने म्हणाला. "सगळं गिऱ्हाइकाच्या फोनमध्येच घडतं."

गुरुजींनी पेढा तोंडात टाकला आणि एवढंच विचारलं, "हे तुझ्या फोनशिवाय आणखी कोणाच्या फोनवर पाहिलंस का रे?"

"आणखी कोणाच्या कशाला, गुरुजी? चालतंय की."

गुरुजींनी दुसरा पेढा घेतला.

व्यापाऱ्याने संकेतस्थळाचा पत्ता सर्व नातेवाइकांना, ओळखीच्यांना आणि ओळख काढता येईल अशांना व्हॉट्सॲपवर पाठवला. पत्त्याखाली आंब्याचं चित्र दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. करड्या रंगाचा एक रिकामा चौकोन दिसला. कारण पान कोरंच होतं, आणि व्हॉट्सॲप काही आंबा गडगडत येईपर्यंत थांबून बसत नाही. एका मेहुण्याने "हा व्हायरस आहे का?" असं विचारलं. दुसऱ्याने काहीच न विचारता व्यापाऱ्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.

ज्यांनी धीर करून पत्ता उघडला, त्यांना पांढऱ्या पडद्यावर एक गोल चाक फिरताना दिसलं. त्यांचे फोन जुने होते, रेंज जेमतेम होती, आणि सूचनांचं गाठोडं भलतंच जड होतं. चाक फिरत राहिलं. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. दरवर्षी कोणाकडून तरी हापूसची पेटी मागवायचा त्यांचा नेम होता. त्यांनी थेट फोन केला.

"तुमच्या दुकानात चाक फिरतंय," त्या म्हणाल्या. "मी चहा ठेवला, चहा प्यायले, कप विसळून ठेवला. अजून फिरतंय. ते विकायला आहे का?"

व्यापाऱ्याने शिष्याला विचारलं. शिष्याने क्षणाचाही विलंब न लावता निदान केलं. "त्यांचा फोन जुना असणार. त्यांना फोन बदलायला सांगा."

व्यापारी भाबडा. त्याने तसं सांगितलं.

"आंब्यासाठी फोन बदलू?" बाईंनी विचारलं.

"होय बाई. आमचा पोरगा म्हणतो, नवीन फोनावर फार सुंदर दिसतो."

बाई म्हणाल्या, "त्यापेक्षा मी व्यापारी बदलते."

इकडे अढीतला आंबा पिकू लागला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, काढलेला हिरवा आंबा भाताच्या पेंढ्यात थर लावून ठेवतात, त्याला अढी म्हणतात. पेंढ्याच्या उबेने आंबा आठवड्याभरात रंगावर येतो. व्यापाऱ्याच्या वखारीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अढ्या लागल्या होत्या, आणि त्यांचा घमघमाट आता रस्त्यापर्यंत येत होता. मागणी मात्र येत नव्हती. मग घरात सकाळी आमरस, दुपारी आमरस आणि संध्याकाळी बदल म्हणून फोडी असा क्रम सुरू झाला. पाहुणा दारात दिसला की त्याला निसटता येऊ नये म्हणून घरची माणसं दोन बाजूंनी उभी राहत. टपालवाला पत्रं कुंपणावरूनच टाकू लागला. व्यापाऱ्याच्या आईने "यंदा आंबा सोडला" असं जाहीर केलं. लोक असं काशीला जाऊन आल्यावर करतात.

हसण्यासारखं आहे खरं, पण व्यापाऱ्याला हसू येत नव्हतं. पहिली खेप जास्तच पिकली, तेव्हा ती कारखान्याच्या टेंपोत चढवावी लागली. टेंपो निघून गेल्यावरही तो वखारीच्या दारात तसाच उभा राहिला. वडिलांनी लावलेल्या कलमांचा आंबा डब्यातल्या रसासाठी गेला, हे त्याला फार लागलं. मग तो सरळ गुरुजींच्या पडवीत आला. शिष्य तिथेच होता.

"मेल्या, माझा आंबा कुजतोय," व्यापारी शिष्याला म्हणाला, "आणि तू चाक फिरवत बसलायस!"

"काका, चाक मी फिरवत नाही. पान तयार होतंय म्हणून चाक दिसतं. काम चालू असल्याची ती खूण आहे."

"काम होतंय कधी?"

"ते त्यांच्या फोनवर अवलंबून आहे. माझ्याकडून मी सगळं पाठवलंय. माझ्या फोनवर तर..."

"तुझा फोन घाल चुलीत!"

गुरुजींनी हात वर केला. "भांडू नका," ते म्हणाले. "अक्षय्य तृतीया जवळ आली आहे. तोवर वेळ आहे. उद्या दोघेही दुपारी माझ्याकडे जेवायला या. आमरस-पुरी आहे."

आमरस हा शब्द ऐकून व्यापाऱ्याच्या अंगावर काटा आला. पण वडीलधाऱ्यांचं निमंत्रण, नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दोघे वेळेवर हजर झाले. पडवीत दोन पाट मांडलेले, समोर दोन लखलखीत ताटं, ताटांभोवती रांगोळी. आतून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. दोघे बसले. शिष्य सकाळपासून उपाशी होता, कारण गुरुजींच्या घरच्या पुऱ्या त्याला ठाऊक होत्या. ताटं रिकामी होती.

गुरुजी बाहेर आले. त्यांनी दोघांना नमस्कार केला, हात पाठीमागे बांधले, आणि पडवीच्या मधोमध गोल फिरायला सुरुवात केली.

ते इकडे पाहत नव्हते, तिकडे पाहत नव्हते. चेहऱ्यावर समाधान होतं. एकाच गतीने, एकाच वर्तुळात, ते फिरत राहिले.

थोड्या वेळाने व्यापारी शिष्याकडे झुकला. "चक्कर आली काय गुरुजींना?"

"प्रदक्षिणा असेल," शिष्य पुटपुटला.

"कोणाला? मधे काय नाय."

आतून बहिणीचा आवाज आला. "दादा, पुऱ्या गार होतायत! वाढू का?"

"नको," गुरुजी फिरता फिरता म्हणाले. "काम चालू आहे."

शिष्याच्या पोटात कावळे ओरडू लागले. त्याने दोनदा खोकून पाहिलं, मग ताटावर बोटाने टकटक केली. व्यापारी धीराचा माणूस, पण त्याचाही धीर सुटत चालला. तो पाटावरून अर्धा उठला, तेव्हा गुरुजी थांबले, कोपऱ्यात गेले, आणि एक टोपली आणून त्यांनी दोघांच्या मधे ठेवली. टोपलीत दगडासारखे टणक हिरवे आंबे होते. वर पेंढ्याची जुडी. शेजारी त्यांनी सुपात गहू ठेवले आणि तेलाची बाटली ठेवली.

"आमरस-पुरी," गुरुजी म्हणाले. "स्वस्थ जेवा."

"गुरुजी, हे... कच्चं आहे," शिष्य म्हणाला.

"सगळं दिलं आहे. काही कमी नाही. आंबे पेंढ्यात घाल, पिकले की रस काढ. गहू दळून आण, कणीक मळ, पुऱ्या लाट, तळ. कसं करायचं ते मी सविस्तर सांगतो, तेवढं लक्षात ठेव. माझ्या स्वयंपाकघराला मात्र काडीचंही काम नाही बरं का. सगळं तुझ्याच ताटात घडतं."

"पण इथे शेगडी कुठे आहे?"

"तुझ्याकडे शेगडी नाही?" गुरुजींना फार आश्चर्य वाटलं. "माझ्या एका ओळखीच्याकडे उत्तम शेगडी आहे. त्याच्याकडे हे फार सुंदर होतं. तू शेगडी बदल."

शिष्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. व्यापाऱ्याला मात्र अजून काही कळलं नव्हतं. तो कळवळून म्हणाला, "गुरुजी, आंब्याच्या व्यापाऱ्याला आंबा वाढून उपाशी ठेवणारे तुम्हीच पहिले!"

"शेट, तुमचं गिऱ्हाईक असंच बसलं आहे," गुरुजी म्हणाले. "ताट समोर, यजमान गोल फिरतोय, आणि आत पुऱ्या गार होतायत. मी आळस केला नाही. प्रामाणिकपणे फिरलो, माझे गुडघे साक्षी आहेत. पण माझ्या फिरण्याने तुमच्या पोटात घास गेला का?"

शिष्याने मान खाली घातली. मग हुशार माणसं चूक उमगताच जे करतात, तेच त्यानेही केलं. तो ताडकन दुसऱ्या टोकाला गेला. "कळलं, गुरुजी! आज बसून सगळं पाडतो. सगळं सर्व्हरवर तयार करीन. फोनला काही म्हणजे काही करायला ठेवणार नाही. बारीकसारीक गोष्टसुद्धा तिकडूनच तयार होऊन येईल!"

गुरुजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि उसासा सोडला. "बरं," ते म्हणाले. "आता जेवा."

मग मात्र जेवण आलं. वाटीत केशरी आमरस, त्यावर तूप, नव्याने तळलेल्या टम्म फुगलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, कैरीचं तिखट लोणचं. शिष्य तुटून पडला. व्यापारीसुद्धा, आपण आंब्याला किती कंटाळलो आहोत हे विसरून, वाटी तोंडाला लावून बसला. दोन घास आनंदात गेले.

"गुरुजी, आणखी एक पुरी," शिष्य म्हणाला.

गुरुजी उठले. त्यांनी शिष्याचं ताट उचललं आणि आत नेलं. आत ताट घासल्याचा, विसळल्याचा आवाज आला. मग गुरुजी ताट घेऊन परत आले. आमरसाची वाटी पुन्हा काठोकाठ, भाजी पुन्हा जागच्या जागी, लोणचं नव्याने, आणि पुऱ्या आधीपेक्षा एक जास्त.

"माझी अर्धी खाल्लेली पुरी होती," शिष्य गोंधळून म्हणाला.

"ती गेली. तू पुरी मागितलीस, मी ताट आणलं. आता जे येईल ते सगळं तयार होऊन येईल, असं तूच म्हणालास."

व्यापाऱ्याने नेमक्या त्याच वेळी, आपलं लक्ष दुसरीकडे असताना, म्हटलं, "जरा मीठ..." आणि त्याचंही ताट गेलं. ते परत आलं तेव्हा मीठ होतं, पण तूप घातलेला, मनासारखा कालवलेला अर्धा रस नव्हता. शिष्याने चुकून पाणी मागितलं आणि ताट तिसऱ्यांदा उचललं गेलं, तेव्हा व्यापाऱ्याने आपलं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पुढे काही मागायचं नाही असं ठरवून टाकलं.

आतून बहीण कडाडली. "दादा! एका पुरीसाठी अख्खं ताट घासायचं? दोन माणसांना ही तऱ्हा, उद्या पंगत बसली तर मी मेलेच! हे माझं माहेर आहे म्हणून, नाहीतर केव्हाच माहेरी निघून गेले असते!"

पडवीत हशा पिकला. शिष्यालासुद्धा हसू आवरेना, पण हसता हसता तो मधेच थांबला. त्याच्या डोळ्यांसमोर अक्षय्य तृतीयेचा दिवस आला. शेकडो गिऱ्हाइकं एकाच वेळी डझन वाढवतायत, कमी करतायत, आणि प्रत्येक वेळी सर्व्हर बिचारा अख्खं दुकान पाडून पुन्हा उभारतोय.

"मग करू तरी काय?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "तसंही नाही आणि असंही नाही."

गुरुजी आता खाली बसले. त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं, "शेट, दूरच्या, जुन्या गिऱ्हाइकाला पेटी पाठवायची असली तर ती तुम्ही कशी भरता?"

व्यापाऱ्याला पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या विषयातलं विचारलं होतं. तो सावरून बसला. "त्यात काय विचारायचं? सगळा आंबा पिकलेला भरला तर वाटेत दबतो, आणि घरी पोचल्यावर एका दमात खाणार कोण? सगळा कच्चा भरला तर पेटी उघडली की पोरं रडतात. म्हणून खाली कच्चा लावायचा, मधे अर्धा तयार, आणि वरचा थर पिकलेला. पेटी फोडली की त्याच दिवशी आमरस. तो खाऊन होईस्तोवर खालचा आंबा त्यांच्याच घरी, त्यांच्याच पेंढ्यात पिकत येतो."

"ऐकलंस?" गुरुजी शिष्याकडे वळले. त्यांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "अरे, पान सर्व्हरवर मांडावं की फोनमध्ये, हा प्रश्न नव्हेच. पेटी उघडणाऱ्या माणसाला पहिला आंबा कधी मिळतो, हा प्रश्न आहे. आंब्यांची यादी, भाव, 'मागवा' हे बटण, हा वरचा थर. तो आपल्या घरी पिकवून पाठव, म्हणजे पान उघडताच हातात येईल. बाकीचे नखरे, डझन वाढवणं-कमी करणं, बेरीज, हे खालचे थर. ते मागून सावकाश त्यांच्या फोनमध्ये पिकू देत; त्यासाठी दर खेपेला आपल्या दारात येण्याचं त्यांना कारण नाही. आणि रेंज अगदीच गेली, खालचे थर पिकलेच नाहीत, तरी वरच्या थरावर पोट भरलं पाहिजे. तू आतापर्यंत पान बांधलंस ते पाहायला. जरा वाढायलाही शीक."

शिष्याने लोणचंसुद्धा न मागता ताट संपवलं. जाताना त्याने गुरुजींचा जुना, काच तडकलेला फोन मागून घेतला. तो घेऊन तो खाडीकडच्या उतारावर गेला, जिथे रेंज वाऱ्याबरोबर येते आणि वाऱ्याबरोबर जाते. तिथे एका दगडावर बसून त्याने स्वतःच बांधलेलं दुकान उघडलं.

पांढरा पडदा. चाक. तो वाट पाहत बसला. समोरून एक होडी आली, बंदराला लागली, माणसं उतरली, पाट्या उतरल्या. चाक फिरतच होतं. त्याला मनापासून लाज वाटली. गुरुजींच्या पडवीत हसू आलं होतं, इथे आलं नाही. या पांढऱ्या पडद्यापुढे किती माणसं ताटकळून उठून गेली असतील, आणि त्यांना आपण फोन बदलायला सांगितलं, हे आठवून त्याचे कान तापले. मग तो उठला, घरी गेला, आणि कामाला बसला.

नवं पान अक्षय्य तृतीयेच्या थोडं आधी उघडलं. उद्घाटन वगैरे झालं नाही. पहिल्या दिवशी तुरळक मागण्या आल्या, दुसऱ्या दिवशी बऱ्या. पत्त्याखाली आता आंब्याचं चित्र दिसत होतं, म्हणून मेहुण्यानेही पेटी मागवली आणि व्हायरसबद्दल माफी मागितली. मग सणाच्या आदल्या दिवशी अशी झुंबड उडाली की वखारीत पेट्या बांधायला घरची झाडून सारी माणसं बसली, आंबा सोडलेली आईसुद्धा. सर्व्हर बंद पडला नाही. सगळा माल वाचला असं मी म्हणणार नाही; एक खेप कारखान्यात गेली ती गेलीच, आणि तिचं दुःख व्यापाऱ्याला राहिलं. पण उरलेल्या अढ्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मध्यंतरी दलालाचा फोन येऊन गेला. व्यापाऱ्याच्या दोन्ही हातांत पेंढा होता, त्याने फोन उचलला नाही.

त्याच गर्दीत शिष्याला एक मागणी दिसली. गाव घाटावरचं, तालुक्याचं. नाव मुख्याध्यापिका बाईंचं. त्याने नोंद उघडून पाहिली. बाईंच्या फोनपर्यंत खालचे थर पोचलेच नव्हते. बेरीज फोनने केली नव्हती, चित्रं पूर्ण उतरली नव्हती, काहीसुद्धा हललं नव्हतं. नुसती यादी, भाव आणि बटण एवढंच पोचलं होतं, आणि तेवढ्यावर बाईंनी पेटी मागवली होती. सूचनेच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, "फोन तोच आहे."

शिष्य ते वाचून गुरुजींकडे आला. गुरुजी ओट्यावर बसले होते. तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"काय रे?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, माझ्या फोनवर ते पान आता अगदी साधं दिसतं."

"आणि बाईंच्या फोनवर?"

"बाईंच्या फोनवर दिसतं."

गुरुजी थोडे बाजूला सरकले आणि त्यांनी त्याला ओट्यावर आपल्या शेजारी जागा करून दिली.

वाचकहो, आपण दुसऱ्यासाठी काही घडवतो, तेव्हा ते शेवटी ज्याच्या हातात उघडणार आहे तो हात एकदा जाऊन पाहावा. तो क्वचितच आपल्या हातासारखा असतो.